लडाखला जाणाऱ्यांनी पाण्याची पाळी सांभाळावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लडाख सहलीच्या जाहिराती दिसू लागतात आणि आमच्या गल्लीतलेच एखाददुसरे कुटुंब तिकडे निघालेले असते. गेल्या जुलैत मी आणि माझी बालमैत्रीण पाठीवर पिशव्या घेऊन लडाखच्या मार्खा खोऱ्यातून पाच दिवस पायी फिरून आलो. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, ती निवृत्त परिचारिका. दोघींचे बालपण साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी गेले. लडाखहून परतल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः यंदा लडाखला जाण्याच्या तयारीत असलेल्यांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ती गोष्ट पाण्याची आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षभरात पडणारा पाऊस व बर्फ मिळून पाणी भरते ते जेमतेम 100 मिलिमीटर. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या धुळे जिल्ह्यातही सरासरीने त्याच्या पाचपट पाऊस पडतो. कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि पूर्वेकडच्या साक्री-शिंदखेड्याच्या वाट्याला पर्जन्यछाया येते. तिकडे हिमालयाच्या रांगा मोसमी वारे अडवतात आणि त्यांच्या पलीकडे उरते ते उंचावरचे थंड वाळवंट. मी वर्गात वर्षानुवर्षे पर्जन्यछाया शिकवली. पण चिलिंगजवळ झंस्कार नदी ओलांडून खोऱ्यात शिरल्यावर, दोन्ही बाजूंनी एक गवताची काडी नसलेले तपकिरी, जांभळट डोंगर आणि मध्येच नजरेत भरणारा जवाच्या शेताचा हिरवा तुकडा पाहिला, तेव्हा तो धडा मला खऱ्या अर्थाने कळला. जिथे पाट पोहोचतो तिथे गाव आहे आणि जिथे पाट संपतो तिथे एका पावलावर वाळवंट सुरू होते.

स्कियूच्या पुढे एका वस्तीत आम्ही ज्या घरी मुक्कामाला होतो, त्या घरातील आजी सायंकाळी फावडे घेऊन शेतात निघाल्या, तेव्हा आम्हीही त्यांच्या मागे गेलो. पाटाच्या कडेला एक चपटा दगड, त्याच्या फटीत कोंबलेली जुन्या लोकरी कापडाची चिंधी आणि वरून थापलेली गवताची ढेप, एवढाच त्यांचा दरवाजा. आजींनी ढेप उचलली, दगड बाजूला सरकवला आणि पाणी वाफ्यात वळवले. मग तीच ढेप पाटात आडवी ठेवून फावड्याच्या पाठीने दोनदा थोपटली. आपल्याकडे दारे मोडतात ते हुबेहूब असेच. माझी मैत्रीण तिथेच बांधावर बसली आणि म्हणाली, “आपला फडमा बी असंच व्हतं ना भो!” तिच्या वडिलांनी उभी हयात फडात पाणी भरले होते.

पांझरेच्या खोऱ्यातील फड बागायत नव्या पिढीला ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका हंगामात एका फडात सर्वांचे एकच पीक, अशी ही तीनेकशे वर्षांहून जुनी रीत आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता कोरडवाहू ठेवायचा हे गाव मिळून ठरवी, आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे असे. शेतमालकाने स्वतःच्या हाताने दारे उघडायचे नाही, मग तो कितीही मोठा असो. लडाखमध्ये हेच काम छुरपोन करतो. छू म्हणजे पाणी. पाण्याचा हा कारभारी गावच नेमते, कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी जायचे ते तोच पाहतो, आणि रात्रभर झिरपलेले पाणी साठवायला शेताच्या डोक्याशी एक छोटे तळे असते, त्याला ते झिंग म्हणतात. दोन ठिकाणांमध्ये सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर आहे, भाषा वेगळी, धर्म वेगळा, तरी पाणी कमी पडते तिथे माणसे पाळी लावूनच जगतात, हे मी त्या बांधावर उभी राहून पाहिले. काही गावांत पाहुणेसुद्धा पाळीनेच घरोघरी वाटले जातात, जेणेकरून मुक्कामाचे पैसे एकाच घरात साचू नयेत.

या पाळीत आम्हीच एकदा खोडा घातला, तेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघींना अंघोळ हवी होती. घरच्या सुनेने काही न बोलता चुलीवर पाणी ठेवले. इंधन म्हणजे उन्हाळाभर गोळा करून वाळवलेले शेण, आणि पाणी खाली झऱ्यावरून डब्यातून वर आणलेले. त्या पाण्याची वाट पाहण्यात आमचे दोन तास गेले. लवकर निघा, दुपारी नदी वाढते, असे आजी हाताच्या खुणेने सांगत होत्या, ते आम्ही मनावर घेतले नाही. हिमनदीवर ऊन पडले की बर्फ वितळते, म्हणून सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुपारनंतर मांडीपर्यंत चढते. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, तरी त्या दिवशी सुचली नाही. नदी पायी ओलांडायच्या ठिकाणी आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी गढूळ आणि वेगवान झाले होते. मैत्रिणीचा पाय एका गोट्यावरून घसरला, ती कमरेपर्यंत भिजली आणि तिच्या पिशवीतील झोपण्याचे अंथरूण ओले झाले. मागून आलेल्या एका घोडेवाल्याने तिला हात देऊन काठाला आणले. त्या रात्री एका पांघरुणात आम्ही दोघी झोपलो. त्यानंतरचे दिवस आम्ही एका मगाच्या पाण्यात हातपाय-तोंड धुतले आणि काही बिघडले नाही. त्या हवेत घामही फारसा येत नाही.

नीमालिंगच्या कुरणावर, सुमारे 4,700 मीटर उंचीवर, रात्री झऱ्याच्या काठी बर्फाची कड धरते. दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला ही सुमारे 5,200 मीटरची खिंड ओलांडताना दहा पावलांवर थांबावे लागत होते, कारण तिथे आपल्याकडच्या हवेच्या मानाने जेमतेम निम्मा प्राणवायू फुफ्फुसात जातो. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून आम्ही श्रीनगर-कारगिलमार्गे हळूहळू चढत लेहला गेलो होतो, दोन दिवस नुसती विश्रांती घेतली होती आणि मैत्रीण रोज प्राणवायूची पातळी मोजत होती. विमानाने थेट उतरणाऱ्यांनी तर हे दोन दिवस चुकवूच नयेत.

आता लेहविषयी. चालणे सुरू करण्यापूर्वी आम्ही तिथे एका साध्या अतिथिगृहात उतरलो होतो. आपल्याच भागातून आलेला वीस-बावीस जणांचा एक गट तिथे होता. त्यांच्या सहल आयोजकाने छापील पत्रकात चोवीस तास गरम पाण्याचे आश्वासन दिले होते आणि सकाळी ते न मिळाल्यामुळे मंडळी मालकावर चिडली होती. दुपारी जिन्याजवळच्या न्हाणीघरात कोणीतरी नळ तसाच सोडून बाजारात गेले होते. पाणी किती वेळ वाहिले असेल सांगता येत नाही, पण टाकी रिकामी झाली आणि मालकांनी संध्याकाळी पैसे मोजून टँकर मागवला. तो टँकर गल्लीत शिरताना पाहिला आणि मला शिंदखेडा तालुक्यातील गावांमधल्या हंडे-घागरींच्या रांगा आठवल्या. त्या रांगांत उभी राहिलेली माणसेच, चार दिवस पैसे भरून पाहुणी झाली म्हणजे नळ उघडा सोडतात, याचे मला फार वाईट वाटले.

हा प्रश्न वीस-बावीस जणांपुरता नाही. 2011 च्या जनगणनेत साऱ्या लडाखची लोकसंख्या 2,74,289 होती आणि 2022 या एका वर्षात तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक आले. लेहमधील जुनी घरे झऱ्याच्या आणि पाटाच्या पाण्यावर चालत. आता अतिथिगृहे आणि हॉटेले कूपनलिका खोदतात, पाणी ओढून टाकी भरतात आणि शौचालयाचे पाणी त्याच जमिनीतील खड्ड्यात सोडतात. खडकाळ, वाळूमिश्रित जमिनीत ते कुठे झिरपत असेल, हे विहिरीशेजारी शोषखड्डा असलेल्या कोणत्याही खान्देशी घराला समजावून सांगावे लागणार नाही.

लडाखचे जुने शौचालय पाण्याशिवाय चालते. वरच्या मजल्यावर जमिनीत एक चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि एक फावडे; वापर झाला की दोन फावडी माती टाकायची. खालच्या खोलीत साठलेले काही महिन्यांनी खत होऊन शेतात जाते. आमच्या मुक्कामाच्या सर्व घरांत तेच होते, त्याला दुर्गंधी जवळजवळ नव्हती, आणि जवाचे ते हिरवे तुकडे याच खतावर उभे आहेत. पहिल्या दिवशी आम्हालाही संकोच वाटला. पण सहलीच्या पत्रकांत ‘पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापले जाते, तेव्हा दर वेळी आठ-दहा लिटर पाणी खाली सोडण्याचा करारच आपण त्या वाळवंटाशी करत असतो.

तिथली माणसे पाण्यासाठी किती कष्ट घेतात तेही पाहण्यासारखे आहे. पेरणी मे महिन्यात आणि हिमनद्यांचे पाणी भरपूर येते ते जूनपासून, हा त्यांचा जुना पेच. चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाच्या वरच्या सावलीतील उतारावर वळवून, लहान लहान बांध घालून गोठवण्याची युक्ती काढली आणि कृत्रिम हिमनद्या उभारल्या. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यापासून बर्फाच्या स्तूपाचा प्रयोग सुरू केला. वरच्या ओढ्यातून नळाने खाली आणलेले पाणी उंचीच्या दाबानेच उभ्या नळातून कारंजासारखे उडते, थंड हवेत गोठते आणि त्याचा सुळका होतो. सुळक्याच्या आकारामुळे उन्हाला सामोरे जाणारा पृष्ठभाग कमी राहतो, म्हणून तो एप्रिल-मेपर्यंत टिकून पेरणीला पाणी देतो. ऐन थंडीच्या रात्री नळ तुंबला तर तो मोकळा करायला गावातील मुले जातात. असे जमवलेले पाणी आपण न्हाणीघरात कसे वापरतो, याचा विचार व्हायला नको का?

माझे म्हणणे कोणी लडाखला जाऊ नये असे मुळीच नाही. खान्देशातील माणसांनी जावे, आणि शक्य असेल त्यांनी चार दिवस तरी गावातील घरात राहून, पायी फिरून यावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आमच्या पिशवीत पाच दिवस उत्तम टिकली आणि आजींना ती चटणी फार आवडली. मात्र जाताना प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली सोबत न्यावी आणि उकळलेले पाणी घरातून किंवा दुकानातून भरून घ्यावे. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या त्या खोऱ्याच्या वरच्या भागातून घोड्यावरूनच परत न्याव्या लागतात. रोज अंघोळीचा आग्रह सोडावा, कोरडे शौचालय असेल तर तेच वापरावे, आणि कपडे परत येऊन धुवावेत. सहल आयोजकांनी चोवीस तास गरम पाण्याचे आश्वासन छापणे थांबवावे आणि निघण्यापूर्वीच्या बैठकीत औषधांच्या यादीबरोबर पाण्याचेही सांगावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. एप्रिल-मेमध्ये आपण प्रवासाची पुरवणी काढता, त्या पुरवणीत सहलींच्या जाहिरातींशेजारी एक चौकट लडाखच्या पाण्यासाठी राखावी. छुरपोन कोण असतो आणि पांझरेवरील पाटकरी कोण होता, हे त्या चौकटीत शेजारी शेजारी छापले तर आपल्या वाचकांना बाकीचे फार समजावावे लागणार नाही. फडाची माहिती देणारी जाणती माणसे साक्री आणि धुळे तालुक्यांतील पांझराकाठच्या गावांत अजून आहेत. माझी मैत्रीण आणि मी पुरवणीच्या वेळी आपल्याला त्यांच्याकडे घेऊन जायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, साक्री तालुका, जि. धुळे