बाथरूमच्या काळ्या जॉइंटबद्दल, रुपालीला

चि. रुपाली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आई म्हणते फोनवरच सांगा, पण फोनवर तू नुसतं ‘हो बाबा, हो बाबा’ करतेस आणि पुढे काही होत नाही. म्हणून लिहितोय.

आधी ती ॲसिडची बाटली. मावशींनी किराणावाल्याकडून आणून ठेवली आहे ना, ती उघडायची नाही. त्यांना बोलू नकोस, हे खूळ आम्हा मिस्त्री लोकांनीच पसरवलंय. नवी लादी बसली की वर सांडलेल्या सिमेंटचे डाग आम्ही पातळ ॲसिडने काढतो. लादी चकाकते आणि घरमालकाला वाटतं, ॲसिडने सगळंच निघतं. अगं, ॲसिड सिमेंट खातं म्हणून ते डाग जातात! आणि दोन लाद्यांमधला जॉइंट सिमेंटचाच असतो. दर महिन्याला ॲसिड मारलं की जॉइंट वरून झिजतो, खरबरीत होतो, त्याला बारीक छिद्रं पडतात. मग पाणी आणि साबण तिथे आणखी मुरतो आणि बुरशी पहिल्यापेक्षा लवकर येते. असल्या बाथरूममध्ये मला बोलावलं की नखाने जॉइंट खरवडून बघतो. भुसभुशीत निघाला की घरात ॲसिडची बाटली असणार हे न विचारता कळतं.

तुझ्या फोटोंत मला एक नाही, तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. नळाभोवती पांढरा थर आहे तो क्षार, बुरशी नव्हे. कापडाला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी लावून तिथे थोडा वेळ गुंडाळून ठेव, पुसलं की निघेल. मात्र उंबऱ्याला कडाप्पा बसवलाय असं दिसतंय, त्यावर थेंबही पडू देऊ नकोस. कडाप्पा काय, कोटा काय, चुन्याच्याच जातीचे दगड. आंबट लागलं की चमक कायमची जाते. जाळीजवळचा गुलाबी चिकट थर बहुतेक जीवाणूंचा आहे, तो भांड्याच्या लिक्विडने आणि ब्रशने जाईल, पण दर आठवड्याला घासावं लागेल. खरी बुरशी म्हणजे शॉवरखालच्या भिंतीतल्या काळ्या रेषा.

ही बुरशी सिमेंट खात नाही. तिला लागतं साबणाचं मेण, अंगाचं तेल आणि ओल. म्हणून आधी साबणाचा थर काढ. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून नायलॉनच्या ब्रशने जॉइंटच्या रेषेतच घास. तारेचा ब्रश नको, लादीवर ओरखडे येतात. भरपूर पाण्याने धू आणि वाळू दे. निम्मा काळेपणा इथेच जाईल. थरावरच ब्लीच ओतलं तर ते थराशीच झुंजत बसतं, बुरशीपर्यंत पोचत नाही.

मग पातळ ब्लीच. बाजारात बाटलीत मिळतं ते, ग्रामपंचायत पावसाळ्यात विहिरीत टाकते ती पावडर नको, तिचा चुना मागे राहतो. एक लिटर पाण्याला साधारण अर्धी वाटी. दार उघडं, पंखा चालू, हातात रबरी मोजे, अंगात जुना गाऊन, कारण एक थेंब उडाला तरी कापडावरचा रंग गेलाच. भिंतीवर ब्लीच ओघळून जातं, म्हणून कापसाच्या लांब वाती वळ, त्या भिजवून जॉइंटवर चिकटव. पंधरा-वीस मिनिटांनी काढ, घास, धू. नळाला लागलं असेल तर लगेच पाण्याने धू, नाहीतर त्यावर डाग पडतात. उरलेलं ब्लीचचं पाणी ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

आता लक्ष देऊन वाच. ब्लीचबरोबर दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडासाच्या हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. तुमच्याकडे संडास-बाथरूम एकत्र आहे, सकाळी हार्पिक घातलेलं असेल तर त्या दिवशी ब्लीच नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. व्हिनेगरनेही तेच होतं, म्हणून नळाचं काम वेगळ्या दिवशी. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरशी मिसळलं तर निघणारा वायू वेगळा, पण छाती तोही जाळतो. कधी डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर पुसत बसू नकोस, सगळं टाकून बाहेर ये. जावईबापूंना दम्याचा त्रास आहे, त्यांना त्या वेळी खाली फिरायला पाठव. त्यांच्यासाठी वास नकोच असेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापर. ते सौम्य आहे, दोनदा-तीनदा लावावं लागेल. पण तेही ब्लीचमध्ये ओतायचं नाही.

एवढं करूनही काळी रेष राहिली, तर डाग आत मुरलाय. मग जॉइंट खरवडून नवा भरायचा. तुमच्या जागेत बहुतेक नुसतं व्हाइट सिमेंट भरलंय, आणि लाद्याही पेपर जॉइंटने बसवल्यात, म्हणजे मध्ये फट राखणारा स्पेसर ठेवलेलाच नाही. लोकांना फट दिसायला नको असते. फट नाही तर माल आत जाणार कुठून? वरवर फासलेलं असतं, वर्षभरात तडकतं आणि पाणी पितं. शॉवरच्या भिंतीला एपॉक्सी ग्राउट हवं, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचा सिमेंटऐवजी रेझिनचा माल. ते पाणी शोषत नाही. महाग आहे, भरभर घट्ट होतं म्हणून नवशिक्या मिस्त्री ते टाळतो, पण ओल्या जागी पैसे तिथेच घालावेत असं माझं मत. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन आतून काळं झालंय, ते घासून जाणार नाही, कापून नवं भरावं लागेल.

तुमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, म्हणजे उन्हाचा प्रश्नच नाही. म्हणून अंघोळ झाली की एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू ठेवा, आणि फरशीचा वायपर फिरवतेस तसा एक छोटा वायपर भिंतींवरही फिरव. पावसाळ्यात ओले कपडे आत वाळत घालता ते बंद करा. शॅम्पूच्या बाटल्या कोपऱ्यात जमिनीवर नकोत, त्यांच्या बुडाखालीच पहिली वस्ती होते.

एक गोष्ट मात्र पाहून कळव. या भिंतीच्या पलीकडे बेडरूमचं कपाट आहे ना? ते पुढे ओढून मागचा रंग फुगलाय का, पोपडे आलेत का बघ. आले असतील तर तुझ्या घासण्याने काही होणार नाही, आतला पाइप नाहीतर वरच्या मजल्याचं बाथरूम गळतंय. मग फोटो काढून जागामालकाला आणि सोसायटीला लेखी दे, तोंडी नको. भाड्याची जागा आहे, भिंत फोडायचा खर्च तू का करायचास?

दसऱ्यानंतर मी येतोच आहे. छन्नी, ग्राउट, स्पंज सगळं घेऊन येईन. शॉवरची भिंत आदल्या रात्रीपासून कोरडी हवी, म्हणजे दोन दिवस अंघोळ शेजारच्या काकूंकडे. त्यांना आधीच विचारून ठेव.

तुझा,
बाबा