आसारी धरणारा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘आवाज असा का येतोय?’ तब्येत ठणठणीत आहे. खालेद होसेनींची ‘द काइट रनर’ ही कादंबरी वाचत होतो, ती अर्ध्यात मिटून बसलो होतो.

काबूलची गोष्ट. अमीर पश्तून, म्हणजे तिथल्या वरचढ जमातीचा, सुन्नी, बंगल्यातला. हसन हजारा, म्हणजे दबलेल्या जमातीचा, शिया, त्याच आवारातल्या मातीच्या खोपटात राहणारा नोकराचा मुलगा. दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. पण अमीर शाळेला निघतो तेव्हा हसन त्याच्या कपड्यांना इस्त्री करून देतो. हजारा लोकांवर झालेला जुलूम अमीरला शाळेच्या इतिहासात नाही, आईच्या जुन्या पुस्तकात सापडतो.

1975 च्या हिवाळ्यात अमीर पतंगांची स्पर्धा जिंकतो. कापलेला निळा पतंग आणायला हसन धावतो आणि गल्लीत त्याच्यावर अत्याचार होतो. अमीर आडून बघतो आणि पळ काढतो. ते भित्र्या पोराचं वागणं म्हणून मी एक वेळ सोडून दिलं असतं. पुढचं नाही सोडवलं. हसनचं तोंड बघवेना म्हणून तो आपलं घड्याळ आणि पैसे त्याच्या गादीखाली नेऊन ठेवतो. विचारल्यावर हसन म्हणतो, हो, मीच घेतलं.

आई, येवल्याच्या घरी खिडकीत कान तुटलेला कप असायचा, आठवतो? भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. त्यांच्या मुलालाही त्यातच चहा. संक्रांतीला घराच्या धाब्यावर पतंग उडवायचो मी, माझ्यामागे मांजा गुंडाळलेली आसारी धरून तो. बोटं दोघांचीही कापायची. चहा आला की मी घरात, तो पायरीवर.

मी चौथीत असताना देवघरातल्या डब्यातले पन्नास रुपये गेले. तुम्ही त्याला विचारलंत, मला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पैसे मी घेतले होते, मांजासाठी. मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

कपावरून भांडायला हे लिहीत नाहीये. ते समोर बसून बोलू. पण फोनवर हे तोंडातून निघालं नसतं.

संक्रांतीला येतोय. मावशी अजून तिथेच राहतात का, तेवढं विचारून ठेवा. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमचा,
धाकटा