आंजर्ल्याच्या पिसाबद्दल

सिडनी
१० नोव्हेंबर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

आंजर्ल्याला तुला सापडलेल्या पिसाचे तिन्ही फोटो मिळाले. ‘समुद्री गरुडच असणार’ हा तुझा अंदाज मला पटतोय, पण ठाम सांगायला हे फोटो पुरत नाहीत. मापासाठी ठेवलेलं पेन पिसापासून वीतभर लांब पडलंय आणि मोबाईल तिरका धरलाय, म्हणून लांबीचा हिशेब लागत नाही.

पीस सुरूच्या बनातच ठेवून आलास हे फार बरं केलंस. पुन्हा गेलास की राखाडी कागद आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या पिसाची कडा हरवते. पट्टीचा शून्य देठाच्या, म्हणजे बुडाकडच्या उघड्या काडीच्या, अगदी टोकाशी लाव. पीस कमानदार असतं, बोटाने हलकेच सरळ करून मगच मोज, नाहीतर माप एक-दोन सेंटिमीटर कमी भरतं. फोटो सावलीत, बरोबर वरून आणि दोन्ही बाजूंचे घे. दांड्यावर, म्हणजे पिसाच्या मधल्या काडीवर, खोबण दिसते ती पिसाची खालची बाजू. हात साबणाने धुवायला विसरू नकोस.

रंग बघून नाव ठरवायची घाई बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. पीस अंगाच्या कुठल्या भागाचं आहे ते आधी बघायचं. पंखाच्या टोकाकडच्या पिसाची एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असते. मोठ्या शिकारी पक्ष्यांत ते पातं (दांड्याच्या बाजूंचा पसरट भाग) अर्ध्यावरून पुढे एकदम आत घेतलेलं दिसतं, कात्रीने कापल्यासारखं. उडताना पंखाची ‘बोटं’ सुटी दिसतात ती या खाचेमुळेच. कुरवाच्या (सीगलच्या) पिसाला ही खाच नसते. पंखाच्या आतल्या भागातली पिसं वाकडी, बोथट टोकाची. शेपटीच्या पिसाचा दांडा मात्र बराच सरळ असतो, आणि मधल्या जोडीत पात्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात.

तुझ्या पिसाचा दांडा सरळ आहे, पातं रुंद आहे, टोकाकडचा भाग पांढरा आणि देठाकडचा काळसर. म्हणजे शेपटीचं पीस. प्रौढ समुद्री गरुडाची शेपटी अशीच असते: बुडाशी काळी, पुढे स्वच्छ पांढरी. लांबी २५ सेंटिमीटरच्या आसपास भरली तर माझी शंका उरणार नाही. बगळ्याचं पीस देठापर्यंत पांढरं असतं. कुरवाची शेपटीही पांढरी, पण पीस कितीतरी लहान. ब्राह्मणी घारीची शेपटी विटकरी, साध्या घारीची तपकिरी आणि पुसट आडव्या पट्ट्यांची. थंडीत येणाऱ्या ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याच्या शेपटीवरचे पट्टे चांगले ठळक असतात.

अडचण येते ती समुद्री गरुडाच्या पिल्लांची. त्यांची शेपटी मळकट पांढरी आणि शेवटाकडे तपकिरी पट्ट्याची असते, प्रौढ रंग यायला चार-पाच वर्षं लागतात. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने काळाही तपकिरी पडतो, म्हणून काळसर भाग पात्यात एकसारखा आहे की ठिपक्याठिपक्यांचा, हे जवळून बघ. आणि कधी ४० सेंटिमीटरहून मोठं, बिनपट्ट्याचं काळं पीस मिळालं तर लगेच गरुड म्हणू नकोस. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे गिधाडं आहेत, आणि तसल्या एकट्या काळ्या पिसावरून मी तरी निकाल देणार नाही.

पीस घरी मात्र आणू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री गरुड आहे, आणि गळून पडलेलं पीसही जवळ ठेवलं तर अडचण होऊ शकते. फोटो, तारीख आणि जागा एवढं टिपून ठेवलंस की झालं.

त्या बनात वर नजर टाक. काटक्यांचा मोठा ढीग आणि खाली माशांची हाडं किंवा समुद्रसापाचे सांगाडे दिसले तर तिथे घरटं आहे. थंडीत त्यांचा विणीचा हंगाम असतो, म्हणून झाडाखाली थांबू नकोस, दुर्बिणीने लांबूनच बघ. पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागले तर लगेच मागे फीर. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकणातल्या या गरुडाच्या घरट्यांवर काम केलंय, त्यांना नक्की कळव. इथे पॅरामॅटा नदीकाठी घरटं करतो तोही हाच पक्षी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पूर्ण लांबी आणि नुसत्या देठाची लांबी, दोन्ही आकडे कळव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा