जुना डबा रंगवायच्या आधी उलटा करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात घरातल्या जुन्या वस्तूंवर लेख आला होता, चांगला होता, पण खेळण्यातल्या रेल्वेचं आलं तेव्हा सगळं कौतुक इंजिनाचं आणि डब्यांना फक्त 'सारखेच पत्र्याचे डबे'. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, दोन वस्तू सारख्या आहेत असं मी मोजल्याशिवाय म्हणत नाही.

आमच्या आजोबांनी मुंबईहून आणलेले हॉर्नबी या विलायती खेळण्यातल्या रेल्वेचे तीन डबे होते. त्यातले दोन मी हौसेनं एका स्प्रे पेंटिंगवाल्याकडे दिले, परत आले ते एकदम चकाचक, पण बाजूची 'एलएमएस' अक्षरं गेली ती गेलीच, आणि ओळख त्यातच होती. विलायतेत बऱ्याच रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या केल्या त्या १९२३ साली, एलएमएस त्यातलीच एक, म्हणजे ही अक्षरं असलेला डबा त्याच्या आधीचा असूच शकत नाही. आणि 'ब्रिटिश रेल्वेज' लिहिलेला असला तर तो १९४८ नंतरचा. माझ्या दोन डब्यांवर आता काहीच नाही.

म्हणून सांगतो, डबा हातात आला की आधी उलटा करा. हॉर्नबीच्या गाड्या १९२० साली निघाल्या तेव्हा नट-बोल्टवर जोडलेल्या होत्या, मेकॅनो या जोडाजोडीच्या खेळासारख्या खोलता यायच्या, नंतर पत्र्याचे कान दुमडून जोडायला लागले. कानाच्या वळणावर रंग तडकलेला दिसला तर समजा कुणीतरी मधे उघडलाय. छापलेला पत्रा असेल तर छपाई सपाट पत्र्यावर आधी होते आणि घडी नंतर पडते, त्यामुळे चित्र घडीवरून पुढं जातं, आणि जोडल्यानंतर ब्रश मारलेला असेल तर रंग सांध्यात भरलेला असतो. एवढं भिंगातून सहज दिसतं. तळाला 'यू.एस. झोन जर्मनी' असेल तर महायुद्धानंतरच्या थोड्याच वर्षांतला माल. बिंग या जर्मन कंपनीच्या डब्यावर 'जीबीएन' असेल तर तो जुना, 'बीडब्ल्यू' नंतरचा. चाकांमधलं अंतर व्हर्नियरनं बघा, ओ गेज या मोठ्या मापाचा रूळ ३२ मिलिमीटरचा आणि १९३८ सालच्या हॉर्नबी डब्लो या छोट्या गाड्यांचा साडेसोळा, मुलं दोन्ही एकाच खोक्यात कोंबतात.

रंगाचं मात्र जपून. उन्हात ठेवून फिका पडलेला लाल म्हणजे वेगळी आवृत्ती नव्हे, छप्पर निघत असेल तर कडेच्या आत बघा, मूळ रंग तिथं असतो. चाकं बघून पण साल ठरवू नका, जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की ती चाकं आतून फुगतात, तडकतात आणि मग लोक दुसरी बसवतात. आमच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको. कोल्हापूरचा जुलैमधला दमटपणा त्याला अजून जोर देतो, तेव्हा कोरड्या जागी ठेवा.

तुमच्या फोटोग्राफरला एक विनंती, पुढच्या वेळी डब्याचा खालचा फोटो पण छापा. तिसरा डबा माझ्याकडे आहे तसाच आहे, हवा असेल तर घेऊन येतो, पुसलेला सुद्धा नाही.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर