चिप बसवणारा प्रत्येक जण चोर नसतो

महोदय,

गेम कन्सोलमध्ये फेरफार करणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवून मोकळे होण्याची कंपन्यांची रीत मला मुळीच मान्य नाही.

सोनी कंपनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या गेम कन्सोलच्या अस्सल डिस्कवर एक सांकेतिक खूण असे. डिस्कची नक्कल काढणाऱ्या घरच्या बर्नरने ती उतरत नसे. मॉडचिप, म्हणजे कन्सोलमध्ये वेगळी बसवलेली छोटी चिप, तीच खूण कन्सोलला परस्पर पुरवी. त्यामुळे नकली डिस्क चाले हे खरे. पण परदेशातून रीतसर विकत घेतलेली, एरवी दुसऱ्या प्रदेशाची म्हणून नाकारली जाणारी डिस्कही चाले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने मॉडचिप विकणाऱ्याविरुद्धच्या स्टीव्हन्स विरुद्ध सोनी खटल्यात कंपनीचे म्हणणे फेटाळले. कन्सोलमधली तपासणी नक्कल करण्यापासून रोखत नाही, आधीच झालेली नक्कल फक्त चालू देत नाही, हा त्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

उलट २०१० मध्ये सोनीनेच एका अपडेटद्वारे प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली बसवण्याची सोय काढून घेतली. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात विक्रीनंतर असा बदल कंपनीने केला तर चालतो, मग मालकाने का करू नये?

चोरीच्या खेळांचा धंदा करणाऱ्यांना जरूर शिक्षा व्हावी. पण अमेरिकेत २०२१ पासून कन्सोलचा बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यासाठी डिजिटल कुलूप तोडायला सूट आहे, आणि ते तोडण्याचे साधन विकायला मात्र बंदीच. आधी ही बंदी उठवावी.

– एक वाचक