पेटीतला विंचू आणि भिंतीवरचा विंचू

टूसॉन, ॲरिझोना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर माझ्यामागची काचेची पेटी दिसली आणि आईने विचारलं, "ते केसाळ काय आहे गं?" तो मी पाळलेला कोळी आहे, हे खरं ते सांगून टाकलं. शेजारच्या पेटीत विंचू आहे, हेही सांगितलं. तेव्हापासून तुम्ही इकडे यायच्या तिकिटांचं नावच काढत नाही. फोनवर आई लगेच देवाला हाक मारते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमची भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. नानाकाकांनी पेंढ्याच्या उडवीत हात घातला आणि लाल विंचवाने नांगी मारली. अंग घामाने थबथबलं, हातपाय गार पडले, पहाटेपर्यंत छातीत घरघर लागली. त्या विषाने शरीरातली ॲड्रेनलिनसारखी रसायनं बेफाम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर रक्तदाबाची प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीसच्या आसपास दगावायचे ते प्रमाण एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कात्रणाचा फोटो तुम्हीच पाठवलात. नानाकाका त्या गोळीच्या आधीच्या काळात गेले.

पण माझ्या पेटीतला विंचू त्या जातीचा नाही. हा इथल्या वाळवंटातला केसाळ विंचू, हाड्रुरस. अमेरिकेतला सर्वांत मोठा, १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दिसायला राक्षस, पण नांगी मारलीच तर मधमाशी चावल्याइतकं दुखतं. दिवसभर स्वतः खणलेल्या बिळात पडून असतो; खरं सांगायचं तर पाळीव म्हणून अगदीच कंटाळवाणा.

घाबरायचं तर भिंतीवरच्याला घाबरा. इथे बार्क स्कॉर्पियन नावाचा पिवळट, बोटाएवढा विंचू असतो. चिमटे काडीसारखे बारीक, आपल्या लाल विंचवासारखेच. तो भिंत चढतो, फळीच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो. धडधाकट माणूस रात्रभर कळा सोसून बरा होतो, लहान मुलांना मात्र जिवावर बेतू शकतं. २०११ पासून इथे त्यावरचं प्रतिविष मंजूर आहे. तो मी पाळत नाही आणि पाळणारही नाही. तुमचा पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला आहे, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. हे शेवटचं तर तुम्हीच शिकवलंत.

आता आक्का. हो, नाव आक्काच ठेवलंय. ती टॅरॅंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, इथलीच. पाठीवर फिकट सोनेरी लव, पाय काळपट. एक सहकारी गाव सोडून गेला तेव्हा माझ्याकडे देऊन गेला. या जातीच्या माद्या वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात. तिला चिडवलं तर मागच्या पायांनी पोटावरचे केस घासून उडवते. ते अंगाला लागले की खाजकुयली लागल्यासारखी आग होते. म्हणून मी तिला हातात घेत नाही. शिवाय हातातून पडली तर तिचं पोट फुटतं. पेटी बुटकी ठेवायची तीही त्याचसाठी. खायला आठवड्याला एखादा रातकिडा आणि वाटीभर पाणी. आई, मांजरापेक्षा खर्च कमी.

मागच्या उन्हाळ्यात तिने कात टाकली. आधी रेशमाचं अंथरूण विणलं आणि त्यावर चक्क उताणी पडली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की मेली. मग पाठीचं कवच झाकणासारखं उघडलं आणि एकेक पाय जुन्या पायातून इंच इंच बाहेर यायला लागला. नवे विषदंत पांढरेशुभ्र होते, मग लालसर झाले आणि काही दिवसांनी काळे. त्या काळात पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच तिला कुरतडतो. ती कात मी जपून ठेवली आहे. आईला दाखवणार नाही, बाबांना दाखवीन.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस येतो आणि संध्याकाळी टॅरॅंट्युलाचे नर मादी शोधत रस्ते ओलांडतात. मादीच्या बिळाच्या तोंडाशी पायांनी टकटक करतात. ती अंगावर आलीच तर पुढच्या पायांच्या आकड्यांनी तिचे दंत अडकवून धरतात. वयात आलेला नर पुढे काही महिनेच जगतो, तेव्हा त्याला उचलून घरी आणणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात तर काहीच उचलायला बंदी आहे. आपण नुसतं बघायला जाऊ.

इथल्या एका प्रदर्शनात मी आपल्या आंध्रातला निळाशार टॅरॅंट्युला विकायला ठेवलेला पाहिला. १८९९ साली तो गुत्ती स्टेशनच्या लाकूडवखारीत सापडला आणि मग शंभर वर्षं कुणाला दिसलाच नाही. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरमधल्या जंगलात पुन्हा मिळाला. आता जगभर लोक त्याची पैदास करतात आणि तिथलं जंगल मात्र तुटत चाललंय. विकणारा म्हणाला, पिल्लं पेटीतच जन्मलेली आहेत. असतीलही, मी घेतला नाही.

विंचू शोधायला अंधारात यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च मारायचा. वाळूत, दगडाच्या कपारीत हिरवट-निळा ठिपका चमकला की विंचू. नुकती कात टाकलेला चमकत नाही. त्या उजेडात साप मात्र दिसत नाही, आणि इथे रॅटलस्नेक नावाचे विषारी साप आहेत, म्हणून दुसऱ्या हातात साधी बॅटरी हवीच. बाबा, तुमच्यासाठी एक यूव्ही टॉर्च पाठवते आहे. आपल्या मागच्या गडग्यावर रात्री मारून बघा. लाल विंचूही चमकतो. पायात गमबूट, आणि हात कुठे घालायचा नाही.

पेट्या माझ्या कामाच्या खोलीत कुलपात राहतील. आई, किल्ली तुझ्याकडे. ऑगस्टच्या तारखा या आठवड्यात कळवा, पुढे भाडं वाढतं.

तुमची,
मनू