लॅबमधल्या मॅडम, थँक्यू हं

मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण रिपोर्ट ५ नंतर अशी पाटी असताना साडेचारलाच खिडकीत येऊन उभा राहणारा वैतागलेला माणूस म्हटलं तर लगेच ओळखाल.

धाकट्या भावाला टायफॉइड झालेला. ताप आल्यावर मीच कपाटातल्या जुन्या स्ट्रिपमधल्या ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या, वाटलं उतरेल, उतरला नाही, १०४ गेला तेव्हा ॲडमिट केलं. तुम्ही रक्त घ्यायला आलात आणि माझं सुरू, टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आहे ना मग परत एवढं रक्त कशाला. दुसरं कोणी असतं तर खेकसलंच असतं. तुम्ही पहिलं इंजेक्शन जायच्या आत बाटल्या भरून घेतल्या आणि मग शांतपणे सांगितलंत की जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे विडालवरून कळत नाही, त्याला कल्चरच लागतं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं लावून बघायची, आणि घरी काही गोळ्या दिल्यात का? मी हो म्हणालो, जरा तोंड लपवतच.

सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन चालू झालं तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी १०३ च. शेजारच्या बेडला मेरोपेनेम चाललेलं, मी डॉक्टरांच्या मागे लागलो की आमच्या पोरालाही ते मोठं औषध द्या. तेवढ्यात कल्चरचा रिपोर्ट आला आणि तुम्ही मोबाईलवर प्लेटचा फोटो दाखवलात. सगळ्या प्लेटवर जंतूंची साय धरल्यासारखी, सिप्रो या औषधाच्या टिकलीला तर पार चिकटून वाढलेले (ओफ्लॉक्सासिन त्याचंच भावंड, म्हणजे मी दिलेल्या गोळ्यांचा काय उपयोग झाला असेल ते कळलंच), आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या टिकलीभोवती मोठं स्वच्छ रिंगण. म्हणालात, औषध बरोबर लागलंय, हा ताप उतरायला चार-सहा दिवस घेतोच, धीर धरा. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला आणि तिथे अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमवरच मदार आली, हेही तेव्हाच सांगितलंत. मग मी डॉक्टरांचा पिच्छा सोडला.

रिपोर्टमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या जुन्या औषधापुढे एस, म्हणजे चालेल, असं बघून आईला भारी आश्चर्य, मामाला लहानपणी तेच दिलेलं. नव्वदच्या आसपास ते टायफॉइडवर चालेनासं झालेलं, मग वापर कमी झाला आणि आता बऱ्याच जंतूंवर परत चालतंय, हे तुम्ही तिला खिडकीतूनच समजावलंत, मागे लाईन लागलेली असताना.

पाचव्या रात्री त्याला दरदरून घाम फुटला, दोन चादरी बदलल्या, सकाळी ९९. इंजेक्शनचा कोर्स मात्र पूर्ण केला, मध्येच सोडला नाही. ती जुनी स्ट्रिप टाकली, आई आता कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवते.

गुरुवारी फॉलोअपला येतोय, आईने तुमच्यासाठी चकल्या केल्यात. डबा ५ नंतरच आणतो.